मधुमेह व हृदयदौर्बल्य एकत्र असता रुग्णपरिचर्या : वैद्य आणि औषधालयधारक यांचे दायित्व

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद या नवव्या अध्यायात प्रत्येक पादाचे चार चार गुण सांगितले असून परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. वैद्य आणि औषध या दोन पादांची चर्चा आपण नेहमीच करतो. तिसऱ्या पादाकडे मात्र आपले लक्ष तितकेसे जात नाही. मधुमेह आणि हृदयाचे दौर्बल्य हे दोन विकार ज्या रुग्णात एकत्र आले आहेत, त्याच्या बाबतीत ही उपेक्षा थेट प्राणांवर बेतू शकते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या रुग्णाच्या घरगुती परिचर्येचा, आणि त्या अनुषंगाने आपल्याच औषधयोजनेचा विचार करणार आहोत.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ आपल्याकडे ‘माणूस गेला’ असा घेतला जातो. त्यामुळे रुग्णालयाच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द वाचून घरची मंडळी एक तर हातपाय गाळतात, किंवा रुग्ण समोर बसून चहा घेत आहे हे पाहून निदानच चुकीचे मानतात. वस्तुतः या शब्दांचा अर्थ एवढाच की, शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची क्षमता उणावली आहे आणि त्यामुळे फुप्फुसांत, पायांत व उदरात द्रव साठू लागला आहे. या अवस्थेस आम्ही येथे ‘हृदयदौर्बल्य’ म्हणत आहोत. योग्य औषध व दक्ष परिचर्या लाभल्यास असा रुग्ण अनेक वर्षे समाधानाने जगू शकतो, हे नातेवाईकांना समजावून सांगणे ही परिचर्येची पहिली पायरी होय.

दोन व्याधींचे साहचर्य

मधुमेह आणि हृदय यांचा संबंध आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाच्या सूत्रस्थानातील कियन्तःशिरसीय या सतराव्या अध्यायात पाच हृद्रोग आणि सात प्रमेहपिडका यांचे वर्णन एकाच ठिकाणी येते. हृदयस्थ ओजाचे महत्त्व तेथेच सांगितले आहे, आणि प्रकुपित वायू ओजाला बस्तीकडे नेतो तेव्हा कष्टसाध्य मधुमेह उत्पन्न होतो हेही तेथेच सांगितले आहे. आधुनिक वैद्यकाने हा संबंध आकड्यांत मांडला. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून १९७४ साली असे दाखविण्यात आले की, मधुमेही पुरुषांत हृदयदौर्बल्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट आढळते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे, सोबतचा रक्तदाब, वृक्कांची क्षीणता आणि खुद्द हृदयाच्या स्नायूवर होणारा मधुमेहाचा परिणाम अशी याची अनेक कारणे आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा : मधुमेहाच्या जुन्या रुग्णाला नव्याने धाप लागू लागली, पायांवर सूज आली किंवा पूर्वी सहज होणारे जिने चढणे जमेनासे झाले, तर ‘वयोमानाने होते’ असे म्हणून सोडून देऊ नये.

निदानातील एक धोक्याची जागा

तमकश्वासाच्या वर्णनात रुग्णाला आडवे झाल्यावर त्रास वाढतो व बसल्यावर बरे वाटते, हे लक्षण आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. परंतु हेच लक्षण हृदयदौर्बल्यातही असते. आडवे होताच पायांत साठलेला द्रव रक्तात परततो, फुप्फुसांवरील भार वाढतो, आणि रुग्ण उठून बसतो. उशांची संख्या एकावरून तीनवर जाणे, झोप लागल्यावर एक-दोन तासांनी गुदमरून जाग येणे, रात्री आडवे होताच कोरडा खोकला सुरू होणे ही लक्षणे मधुमेही रुग्णात दिसली तर केवळ कफाचा विचार न करता हृदयाची तपासणी करवून घ्यावी. तसेच मधुमेहात संज्ञावाहक नाड्या क्षीण झालेल्या असल्यामुळे हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. अकस्मात घाम, धाप, मळमळ वा अतीव थकवा एवढेच त्याचे स्वरूप असू शकते.

रोजची नोंद

या रुग्णाच्या परिचर्येत सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे साधा वजनकाटा. सकाळी मूत्रविसर्जनानंतर, काही खाण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन घ्यावे आणि भिंतीवरील दिनदर्शिकेच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वजन वाढले, तर ती मेदवृद्धी नसून साठलेले पाणी आहे असे समजावे. धाप लागण्यापूर्वी काही दिवस ही वाढ दिसू शकते. त्याच वेळी वैद्यकीय सल्ला घेतला, तर रुग्णालयातील मुक्काम अनेकदा टळतो.

वजनासोबत परिचारकाने आणखी चार गोष्टी पाहाव्यात.

१. सूज : नडगीवर अंगठ्याने काही क्षण दाबून खड्डा राहतो का ते पाहावे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पायांवर सूज दिसेलच असे नाही. ती माकडहाडाजवळ साठते. तेथेही दाबून पाहावे. सुजलेली त्वचा लवकर फाटते आणि मधुमेहात व्रण भरण्यास विलंब लागतो, म्हणून अशा रुग्णाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी.

२. श्वास : रात्री किती उशा लागल्या, बोलताना वाक्य तुटते का, शौचालयापर्यंत जाताना थांबावे लागते का, हे नोंदवावे.

३. मूत्र : प्रमाण अचानक घटणे ही धोक्याची सूचना होय. मूत्रल गोळी शक्यतो सकाळी द्यावी आणि दुसरी मात्रा असल्यास ती दुपारी चारच्या आत संपवावी, म्हणजे रात्री अंधारात उठताना पडण्याचे प्रसंग कमी होतात.

४. रक्तशर्करा : चिकित्सकाने सांगितलेल्या वेळी मोजून तिची नोंद जेवण व औषध यांच्या वेळेसह करावी. नुसता आकडा पुरेसा नसतो.

इन्शुलीन घेणाऱ्या रुग्णाबाबत हेही सांगावे की, सुजलेल्या जागी सुई टोचू नये, कारण तेथून औषध एकसारखे शोषले जात नाही. सुईची जागा रोज थोडी बदलावी. न उघडलेली कुपी शीतकपाटात ठेवावी, परंतु बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. गोठलेले इन्शुलीन निरुपयोगी होते.

लवण आणि जल

‘मीठ कमी करा’ हे वाक्य सर्वच जण सांगतात, पण स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बसवून सांगणारे थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासही दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी, मीठ सुचविले आहे. आपल्या घरांत भाजी-आमटीतील मिठाखेरीज लोणचे, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे, फरसाण, आणि किनारपट्टीवर सुके बोंबील व खारा बांगडा यांतून मीठ पोटात जाते ते निराळेच. उपवासाच्या दिवशी हा धोका वाढतो : साबुदाण्यामुळे रक्तशर्करा चढते आणि वेफर्स-चिवड्यातून मीठ जाते.

येथे सैंधवाविषयी स्पष्ट बोलणे आम्हास अगत्याचे वाटते. सैंधव लवणांत श्रेष्ठ मानले आहे हे खरे, परंतु त्याचाही प्रमुख घटक सोडियम क्लोराइड हाच आहे. ‘सैंधव हवे तितके चालते’ या समजुतीने रुग्ण ते मुक्तहस्ताने वापरतात आणि त्या समजुतीस अनेकदा वैद्याचाच हवाला देतात. दुसऱ्या बाजूस, बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे घेणाऱ्या किंवा वृक्क क्षीण असलेल्या रुग्णात ते पोटॅशियमची पातळी घातक मर्यादेपर्यंत वाढवू शकते. म्हणून दोन्ही लवणांबाबत निश्चित सूचना लेखी द्यावी.

चिकित्सकाने द्रवाचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर पाणी, चहा, ताक, कढण, आमटीचे पाणी, काढा आणि क्षीरपाक या सर्वांची गणना त्यातच करावी. पहाटे तांब्याभर पाणी पिण्याचा, म्हणजे उषःपानाचा, सल्ला या रुग्णास देऊ नये.

शर्करा उतरणे

वृद्ध व दुर्बल रुग्णात रक्तशर्करा वाढण्यापेक्षा एकाएकी उतरणे अधिक घातक ठरू शकते. डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला, किंवा घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, गुंगी ही लक्षणे दिसली, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन छोटे चमचे साखर थोड्या पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि आवश्यक तर हाच क्रम पुन्हा करावा. त्यानंतर काहीतरी खाण्यास द्यावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

हृदयदौर्बल्यात मेटोप्रोलोल, कार्व्हेडिलोल, बायसोप्रोलोल या वर्गातील गोळ्या बहुधा दिलेल्या असतात. या गोळ्यांमुळे छातीतील धडधड व हातांची थरथर ही इशारा देणारी लक्षणे दबून जातात. घाम मात्र येतो. म्हणून ‘विनाकारण गार घाम आला की आधी शर्करा मोजा’ एवढे एक वाक्य परिचारकाने पाठ करावे. शर्करा ठीक असूनही घाम व अस्वस्थता राहिली, तर हृदयविकाराचा झटका गृहीत धरून विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पाय आणि स्वेदन

तळपाय, टाचा व बोटांच्या बेचक्या रोज उजेडात पाहाव्यात. पाय सुजलेले आणि बधिर असे दोन्ही असतील तर चप्पल रुतल्याचेही रुग्णास कळत नाही. पायांवर सूज आली की गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा गरम पाण्यात पाय बुडविणे हे घरोघरी केले जाते. बधिर पायास भाजल्याचे कळत नाही, आणि त्या भाजण्यातून पाय गमाविण्याची वेळ येऊ शकते. चरकाने सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदनास अयोग्य व्यक्तींत मधुमेह्याची गणना केलेली आहे. स्वेदनगृह चालविणाऱ्या वैद्यांनी हे वचन केवळ परीक्षेपुरते ठेवू नये.

आपल्याच औषधांचा विचार

आता काहीसा अप्रिय, परंतु अपरिहार्य असा भाग. या रुग्णाला अपाय होतो तो बहुधा परिचित व निरुपद्रवी मानल्या गेलेल्या कल्पांतून.

अर्जुनारिष्ट हृदयासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यात गूळ, मनुका व मोहाची फुले असतात आणि संधानातून मद्यार्क उत्पन्न होतो. मधुमेह्यास अर्जुन द्यायचाच असेल तर तो चूर्ण वा क्वाथाच्या रूपात द्यावा. अर्जुन हे सहायक औषध आहे. चालू असलेल्या हृदयौषधांचा पर्याय म्हणून ते देऊ नये. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. हृदयदौर्बल्यातील रात्रीच्या खोकल्यावर ते दिल्यास शर्करा वाढते आणि खरा रोग मात्र झाकला जातो. अवलेह व पाक यांचेही तसेच.

लवणभास्कर चूर्णात सामुद्र, सौवर्चल, बिड व सैंधव ही चार लवणे आहेत, हिंग्वाष्टकात सैंधव आहे, शंखवटीत लवणपंचक आहे. यकृतात व आतड्यांत द्रव साठल्यामुळे या रुग्णास भूक मंदावणे व पोट जड होणे ही तक्रार नेहमीच असते. ‘अग्निमांद्य’ म्हणून हीच चूर्णे दिली गेली, तर सूज वाढते आणि सूज वाढल्याने भूक आणखी मंदावते.

यष्टिमधुतील ग्लायसिऱ्हायझिन हे द्रव्य शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. फ्युरोसेमाइडसारख्या मूत्रल गोळीने आधीच पोटॅशियम उणावलेले असते. त्यात डिगॉक्सिन चालू असेल तर हृदयाची लय घातक रीतीने बिघडू शकते. या रुग्णात यष्टिमधु दीर्घकाळ देऊ नये.

मधुनाशिनी, मेथी, कारले, विजयसार यांचा शर्करा उतरविण्याचा गुण ग्लिमेपिराइड वा इन्शुलीनच्या जोडीस आला तर शर्करा अवाजवी उतरू शकते. पुनर्नवा, गोक्षुर यांचा उपयोग मूत्रल गोळ्यांसमवेत करताना वजन, रक्तदाब आणि रक्तातील क्षार यांवर नजर ठेवावी. यांतील काहीही देताना रुग्णाच्या आधुनिक चिकित्सकास चिठ्ठीने कळवावे. असे कळविण्यात कमीपणा नाही.

सूज आलेल्या मधुमेह्याची चालू औषधेही तपासावीत. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची जुनी व स्वस्त गोळी शरीरात पाणी धरून ठेवते आणि हृदयदौर्बल्यात ती टाळावयाची असते. अनेकदा ती दोन-तीन औषधांच्या एकत्रित गोळीत असल्याने नावावरून ओळखू येत नाही. वेष्टनावरील घटक वाचावे लागतात. ती आढळल्यास रुग्णास त्वरित त्याच्या चिकित्सकाकडे पाठवावे.

नव्या गोळ्या आणि शोधन-लंघन

गेल्या काही वर्षांत डॅपाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी या दोन्ही विकारांची चिकित्सा पालटून टाकली आहे. त्या वृक्कांवाटे मूत्रातून साखर बाहेर टाकतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डॅपा-एचएफ या अभ्यासात ४,७४४ रुग्णांमध्ये हृदयदौर्बल्य बळावणे वा हृदयविकाराने मृत्यू येणे यांचे प्रमाण या गोळीने सुमारे २६ टक्क्यांनी घटले, आणि हा लाभ मधुमेह नसलेल्यांतही दिसला. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनची स्वस्त रूपे २०२० पासून आणि एम्पाग्लिफ्लोझिनची मार्च २०२५ पासून बाजारात आली. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांच्या पिशवीत ती असणार, हे यावरून उघड आहे.

वैद्यांनी या गोळ्यांविषयी तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली : या गोळीवर असलेल्या रुग्णाच्या मूत्रात साखर नेहमीच असते. मूत्रास मुंग्या लागणे वा मूत्रपरीक्षेत साखर सापडणे यावरून मधुमेह बळावला असा निष्कर्ष काढू नये. दुसरी : गुह्यांगास कंड व बुरशी होण्याचा संभव वाढतो. परिचारकाने तेथील स्वच्छता व कोरडेपणा राखावा, आणि संकोचाने न सांगितली जाणारी ही तक्रार वैद्याने आपण होऊन विचारावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही गोळी चालू असता रुग्णाने दीर्घ लंघन केले, उलट्या-जुलाबांनी त्याचे पाणी घटले किंवा इन्शुलीन एकाएकी कमी केले गेले, तर रक्तात आम्लता वाढविणारे कीटोन साचतात. यास कीटोॲसिडोसिस म्हणतात. एरवी या अवस्थेत रक्तशर्करा फार चढलेली असते. या गोळीवर मात्र ती २५० च्या खाली, कधी जवळजवळ प्राकृत असू शकते आणि त्यामुळे सर्वांचीच फसगत होते. मळमळ, उलटी, पोटदुखी, ग्लानी आणि खोल जलद श्वास ही तिची लक्षणे होत. वमन वा विरेचनाच्या काळात हीच लक्षणे दिसली तर ती शोधनाचे वेग किंवा पित्ताचा प्रकोप म्हणून सहज गणली जातील आणि मौल्यवान तास वाया जातील.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, पंचकर्मापूर्वीच्या प्रश्नपत्रिकेत या गोळ्यांचा नावानिशी उल्लेख असावा. हृदयदौर्बल्य असलेल्या रुग्णास वमन-विरेचन वा दीर्घ लंघन देऊच नये. केवळ मधुमेहासाठी ही गोळी घेणाऱ्या इतर रुग्णास असा उपक्रम करायचा झाला, तर गोळी केव्हा थांबवावी व केव्हा पुन्हा सुरू करावी हे चिकित्सकाकडून आधी ठरवून घ्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी ती किमान तीन दिवस थांबविण्याची पद्धत आहे, यावरून तिचा परिणाम किती काळ टिकतो याची कल्पना यावी. घरी कडक निर्जळी उपवास करणाऱ्या रुग्णांसही हीच सूचना द्यावी.

औषधालयधारकांस

रुग्णाचा मुलगा वा सून सर्वप्रथम येते ती बहुधा औषधाच्या दुकानात. खोकल्याचे काहीतरी, गुडघेदुखीची गोळी, पोटासाठी चूर्ण अशी तिची मागणी असते. ‘त्यांना मधुमेह वा हृदयाचा त्रास आहे का?’ हा एक प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके देऊ नयेत, कारण ती पाणी साठवतात आणि वृक्कांस अपाय करतात. विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या व पाचक सोडा यांत सोडियम भरपूर असते. आसव, अरिष्ट, अवलेह आणि लवणयुक्त चूर्णे वेगळ्या फळीवर ठेवून त्यावर ‘मधुमेह व हृद्रोग असल्यास वैद्यास विचारा’ अशी चिठ्ठी लावता येईल. मधुमेह समूळ बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे. अशा दाव्यावर विसंबून रुग्ण इन्शुलीन वा हृदयाच्या गोळ्या बंद करतो, आणि त्याचे परिणाम त्याच्या घराला भोगावे लागतात.

समारोप

या रुग्णाच्या घरी वैद्य महिन्यातून एकदा जातो, परिचारक मात्र अहोरात्र असतो. हा परिचारक बहुधा पत्नी, सून, मुलगा किंवा पगारी मावशी असतो, आणि त्यास कोणी काही शिकविलेले नसते. चिकित्सालयात रुग्ण येईल तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या व्यक्तीस समोर बसवावे, वजन कसे घ्यावे व सूज कशी दाबून पाहावी हे प्रत्यक्ष दाखवावे, आणि कोणत्या लक्षणांस थांबू नये हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. रुग्ण घेत असलेल्या सर्व पॅथींच्या औषधांची एकच यादी करवून ती प्रत्येक चिकित्सकास दाखविण्यास सांगावे. पुढील भेटीच्या वेळी वैद्यबंधुभगिनींनी नाडीवर हात ठेवण्यापूर्वी ती दिनदर्शिकेवरील वजनाची नोंद पाहावी, अशी आमची विनंती आहे.